नाव न विचारता साथ देणाऱ्यांचे आभार

एंडोमेट्रिओसिसचे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे, निदान होईपर्यंत माझी अनेक वर्षे ‘पाळीत एवढे दुखतेच, लग्नानंतर थांबेल’ हे ऐकण्यात गेली. म्हणूनच ज्यांची नावेही मला ठाऊक नाहीत, अशा काही पुणेकरांचे जाहीर आभार मानते. स्वारगेटला वेदनेने मी खाली बसले, तेव्हा ज्या बाईंनी मला दवाखान्यापर्यंत सोबत केली आणि ज्या रिक्षावाल्या काकांनी भाडे घेतले नाही, त्यांची मी ऋणी आहे.

त्याहूनही मोठे ऋण सोनोग्राफी केंद्रातील परिचारिका ताईंचे आहे. अशा पेशी गर्भाशयाबाहेर वाढल्या, तरी साध्या सोनोग्राफीत त्या दिसतातच असे नाही, त्यामुळे अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावले आणि दुखण्याच्या तारखा, रक्तस्राव, शौचाच्या वेळच्या वेदना असे सारे वहीत लिहून ठेवण्यास सांगितले. (शौचाविषयी तोवर एकाही डॉक्टरांनी मला विचारले नव्हते.) जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना व मुलींना हा आजार असतो, तरीही तो ‘नाजूकपणा’ ठरवला जातो, याचा मला राग येतो. ती वही वाचूनच पुढच्या डॉक्टरांनी एमआरआय सुचवला आणि आता माझे उपचार सुरू आहेत.