चि. ओंकारास, मतमोजणीनंतरच्या रविवारी

नाशिक,
१८ जानेवारी २०२६

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

महापालिकेच्या मतदानाला तू पुण्याहून आला नाहीस, त्यावरून शुक्रवारी जे भांडण झालं, त्यात फोन तू आपटलास की आप्पांनी, यावर घरात अजून एकमत नाही. स्वयंपाकघरातून मला जेवढं ऐकू आलं, त्यावरून दोघांनी एकदमच ठेवला असावा. तिळगूळ खाऊन दोन दिवस व्हायचे होते. असो. मी कोणाची वकिली करायला बसलेले नाही. पण तू शेवटी जे म्हणालास ना, "पुढच्या वेळी रात्रीतून गाडी मारत येतो, मग तर झालं?", ते करायचं नाही. चंदनापुरी घाटात रात्री दोन वाजता ट्रकांच्या मधून बाइकवर... नाही म्हणजे नाही. हा विषय संपला. आता मूळ भांडणाकडे येते.

आप्पांचं म्हणणं, जे मत द्यायला गेले नाहीत तेच या निकालाला जबाबदार. तुझं म्हणणं, मी कोणालाच मत दिलं नाही, मग निवडून आलेल्याचं पाप माझ्या माथी कसं? इतकी वर्षं इलेक्शन ड्यूटी केलेली बाई म्हणून सांगते, दोघांचाही हिशेब कच्चा आहे.

आप्पांचा आधी घेते, म्हणजे तू पुढचं वाचशील. लोकसभेला २०२४ मध्ये आपल्या नाशिकच्या जागेवर दीड लाखाहून जास्त मतांचा फरक होता. तिथे तू आला असतास काय, नसतास काय, निकाल तोच लागला असता. शिवाय न आलेले लोक आले असते तर आप्पांच्या माणसाला मतं दिली असती, हे आप्पांना कोणी सांगितलं? घरी बसलेल्यांची मतं आपल्याच खिशात होती असं हरलेल्या प्रत्येकाला वाटतं. ज्यांनी निवडून दिलं त्यांनी दिलं, त्याचं उत्तर आधी त्यांनी द्यावं. हे मी आप्पांनाही सांगितलं. ते गच्चीवर जाऊन बसले.

आता तुझा. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला आपल्याच जिल्ह्यात मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी गेली. मुंबईत उत्तर पश्चिमची लोकसभा ४८ मतांनी. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने पडले, अक्षरशः एका. आणि २०१७ च्या मुंबई महापालिकेत एका प्रभागात दोघांना ५,९४६ – ५,९४६ अशी समान मतं पडली नि शेवटी चिठ्ठी टाकून नगरसेवक ठरला. महापालिकेचा प्रभाग लोकसभेच्या मानाने केवढासा, म्हणून असे काठावरचे निकाल तिथे जास्त लागतात. "एका मताने काय होतंय" हे वाक्य जिथे सगळ्यात कमी लागू पडतं, नेमकं तिथेच तू वापरलंस.

आणि एक मत कुठलं? चार. आपल्याकडे ३१ प्रभाग, १२२ जागा. दोन प्रभाग तीन-तीनचे, बाकी सगळे चार-चारचे. मशीनवर अ जागेच्या मतपत्रिकेचा कागद पांढरा, ब चा फिका गुलाबी, क चा फिका पिवळा, ड चा फिका निळा. चारही ठिकाणी बटण दाबेपर्यंत मशीन लांब बीप देत नाही. लोक दोन दाबून बाहेर पडतात, मशीन अडून बसतं, मग "अहो काका, मागे या, अजून दोन राहिलीत" अशी हाक मारावी लागते आणि रांग चिडते. माईंना या वेळी तिसरं बटणच सापडेना. त्या मोतीबिंदूच्या डोळ्याने चारही दाबून आल्या, आणि तू वाकडमध्ये सुट्टी असून झोपला होतास.

बघ, सुरू झालं माझं लेक्चर. माफ कर. झोपला होतास हे मला काय माहीत? कदाचित काम असेल.

पण तू जे कारण दिलंस, "सगळे सारखेच, म्हणून मुद्दाम नाही आलो", त्याबद्दल बोलायलाच हवं. केंद्रावर पहिल्या मतदान अधिकाऱ्यापुढे यादीची खुणेची प्रत असते. मतदार आला, ओळख पटली की त्याच्या नोंदीखाली रेघ ओढायची. बाई असेल तर नावाच्या डावीकडे बरोबरची खूणसुद्धा, म्हणजे संध्याकाळी पुरुष किती, बायका किती हे मोजता येतं. जो आला नाही त्याची नोंद कोरी. बस. ती का कोरी, याचा रकाना नाही. तत्त्वासाठी घरी बसलेला, पतंग उडवत बसलेला, वाकडला झोपलेला आणि वारलेला पण यादीतून नाव न निघालेला, सगळे त्या कागदावर एकसारखे दिसतात. तुझा निषेध कोणाला कळला? मला कळला, कारण तू फोनवर ओरडलास.

निषेधच करायचा तर नोटा आहे, म्हणजे "यांपैकी कोणीही नको"चं बटण. पूर्वी ४९-ओ नियमाखाली रजिस्टरवर सही करून "मत देणार नाही" असं लिहून द्यावं लागे, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांना कळे. सप्टेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नकारही गुप्तच हवा, तेव्हा बटण आलं. लोकसभा-विधानसभेला नोटाचे आकडे नुसते छापले जातात, निकालावर परिणाम शून्य. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी ठरवलं की एखाद्या जागेवर नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे "सगळे सारखेच" म्हणणाऱ्याच्या हातात खरं हत्यार असेल तर ते इथेच. तेही तू उचललं नाहीस.

कोऱ्या नोंदीचं आणखी एक. दुपारनंतर कोणाच्या नावाखाली रेघ नाही ते बाहेर टेबल टाकून बसलेल्या पोरांनाही माहीत असतं. बोगस मतदान होतं ते अशाच नावांवर. खरा माणूस उशिरा आला नि त्याच्या नावावर आधीच मत पडलेलं असलं, तर त्याला कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येतं. पण ते पाकिटात बंद होतं आणि कोर्टाने मागवल्याशिवाय मोजणीत धरत नाहीत.

आप्पांना जे म्हणायचं होतं पण रागात म्हणता आलं नाही, ते मला वाटतं असं आहे. विधानसभेनंतर फॉर्म २० प्रसिद्ध होतो, त्यात केंद्रवार आकडे असतात. कुठल्या शाळेतल्या कुठल्या खोलीत किती मतं पडली, कोणाला किती, सगळं. मोजणीच्या टेबलापाशी बसलेले प्रतिनिधी तर ते त्याच दिवशी वहीत उतरवून घेतात. मत कोणी दिलं ते गुप्त असतं, पण कुठली गल्ली येते नि कुठली येत नाही, हे उघड असतं. समज, एका केंद्रावर हजार नावं आणि येतात चारशे. चार उमेदवार असतील तर दीडशे मतांत ती खोली जिंकता येते. मग पुढची पाच वर्षं तो माणूस त्या दीडशेंचा फोन उचलेल. उरलेल्या साडेआठशेंत दुसऱ्यांना मत दिलेले अडीचशे निदान त्याच्या वहीत आहेत, पुढच्या वेळी त्यांना फोडायचं म्हणून तरी तो त्यांच्याकडे जाईल. सहाशे वहीतच नाहीत. कॉलेज रोडच्या बंगलेवाल्यांनी पाण्याच्या दाबाबद्दल कितीही पत्रं लिहिली तरी उत्तर का येत नाही, याचं एक कारण या वहीत सापडेल. निकालाचा दोष मी तुला देणार नाही. पण त्या वहीतून आपली गल्ली पुसली जाते त्यात तुझा वाटा आहे, आणि तो तू कोणावर ढकलू शकत नाहीस.

तपोवनातल्या झाडांसाठी तू महिनाभर स्टेटस ठेवलं होतंस. साधुग्रामासाठी झाडं तोडायची नोटीस काढली ती याच महापालिकेने, आणि तेव्हा तिथे विचारायला एकही नगरसेवक नव्हता, मार्च २०२२ पासून प्रशासकच होता. २०१७ नंतर पहिल्यांदा आपल्याला कोणाला तरी विचारायची सोय झाली. सिंहस्थ तोंडावर आलाय, आणि तू...

पुन्हा घसरले. स्टेटस ठेवलंस याचा मला अभिमानच होता, शरूआत्याला दाखवलं मी ते.

न जाणारे सगळे एका माळेचे मणी असं मात्र मी आप्पांना म्हणू दिलं नाही. सुरेखाचंच बघ. महापालिकेची यादी वेगळी बनत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागांच्या हद्दीप्रमाणे कापतात. कापताना रस्त्याच्या पलीकडची घरं भलत्या प्रभागात जातात, कधी एकाच घरातली माणसंही. सुरेखा दोन शाळा फिरली, तिसरीत नाव सापडलं. तिने कामाचा खाडा केला तसं सगळ्यांना जमत नाही. सुरगाण्या-पेठेहून दिंडोरी-निफाडला द्राक्षबागेत आलेला मजूर गावी मतदान असलं तर कसा जाणार? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५-ब म्हणतं लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला भरपगारी सुट्टी द्या, रोजंदारीवाल्यालासुद्धा. न देणाऱ्या मालकाला दंड किती, तर ५०० रुपयांपर्यंत. जाऊ न शकणाऱ्याला दोष देणारा माणूस मला आवडत नाही. तू त्यातला नाहीस, इतकंच.

सगळ्यांना सक्तीच करावी असं आप्पा म्हणतात. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून आहे. गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी कायदा केला, १०० रुपये दंडही ठरवला, पण २०१५ मध्ये हायकोर्टाने स्थगिती दिली. मला ते पटत नाही. सक्तीने तुला जेवायला बसवता आलं नाही कधी, मत काय द्यायला लावणार.

आता कामाचं. तू वाकडला साडेतीन वर्षं राहतोस. कायदा "सर्वसाधारण रहिवासी" कुठला ते बघतो. नाशिकला वडिलांचं घर आहे हे कारण त्याला पुरत नाही, तात्पुरतं बाहेर असणं वेगळं. तर तुझं नाव तिकडे हलवायला हवं. फॉर्म ८ भरायचा, ६ नाही. तुझ्यासारखी शिकलेली मुलं "नवीन मतदार" म्हणून ६ भरून मोकळी होतात, जुनं नाव तसंच राहतं आणि माणूस दुबार होतो. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे, नि फॉर्मवर खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आठमध्ये "स्थलांतर" निवड, मतदारसंघाबाहेरचं. ओळखपत्राचा जुना क्रमांक टाक, तो बदलत नाही. पत्त्याला नोंदणीकृत भाडेकरार किंवा तुझ्या नावाचं वीजबिल, गॅसचं बिल, नाहीतर त्या पत्त्याचं पासबुक. बीएलओ, म्हणजे यादीचं काम बघणारा केंद्राचा अधिकारी, घरी येईल, त्या दिवशी दार उघड. शंका आली तर १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन कर. इथलं नाव आपोआप निघेल, नाव काढायचा वेगळा फॉर्म ७ नको. आणि हे आत्ताच कर. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. या वेळी महापालिकेला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. दिवाळीत जागे झालेले सगळे बाहेर राहिले.

हे लिहिताना मी जरा थांबले होते. आपल्या घराची पाच नावं यादीत एकाखाली एक आहेत: आप्पा, माई, बाबा, मी, तू. २१ फेब्रुवारी २०१७, तुझं पहिलं मत. शाई लावलेलं बोट पुढे धरून तू दिवसभर फिरलास, आंघोळीलाही हात वर. नखावरची शाई नखाबरोबर पुढे सरकत गेली आणि शेवटी नेलकटरने निघाली, तेव्हा हळहळला होतास. फॉर्म ८ भरलास की यादीत आम्ही चार. भर तरी. इथे नाव ठेवलंस तर प्रत्येक मतदानाच्या आदल्या रात्री मी हायवेचा विचार करत जागी राहणार, आणि मला ते नको आहे. हेल्मेट आहे म्हणून सांगू नकोस. अपघात झालेल्या त्या मुलाकडेही होतं.

२६ ला सोमवार आहे, म्हणजे तीन दिवस सुट्टी. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघू नकोस. शनिवारी सकाळची ई-शिवाई पकड, बाइक तिथेच राहू दे. आप्पांनी स्वतःहून विचारलंय की तू कधी येतोस. त्यांना वाटतं मी हे तुला सांगणार नाही. तिळाच्या वड्यांचा एक डबा बाजूला काढलाय; बाबांच्या हाती लागला नाही तर मिळेल.

तुझी,
आई

ता. क. बसमध्ये बसलास की मेसेज टाक. नारायणगावला थांबली की अजून एक.