एका धावपटूच्या हंगामासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

कोविडच्या साथीच्या निर्बंधांमुळे गेल्या वर्षभरात आमच्या क्रीडा मंडळाला एकही मैदानी स्पर्धा घेता आली नाही आणि पुढची कधी होईल हे आज सांगता येत नाही. तरीही मंडळाच्या १७ वर्षांच्या एका धावपटूचा हंगाम आम्ही वाया गेलेला धरलेला नाही. ती आजवर ४०० मीटर धावत असे. आधी ट्रॅक बंद झाला, मग व्यायामशाळा बंद झाली आणि शेवटी एका वेळी एक खेळाडू व एक प्रशिक्षक, तेही तासाभरापुरते, एवढीच परवानगी उरली. तेव्हा प्रशिक्षकांनी तिच्याशी व तिच्या पालकांशी बोलून हा हंगाम १०० आणि २०० मीटरच्या तयारीलाच द्यायचे ठरवले. त्या तयारीसाठी हे आवाहन आहे.

हा निर्णय केवळ नाइलाजाचा नाही. वेगवान धाव मुळात आपापल्या १.२२ मीटर रुंदीच्या लेनमध्ये एकट्याने धावायची असते. (रिलेचा बॅटन हातोहाती फिरतो, म्हणून तो सराव आम्ही बंदच ठेवला आहे.) स्टार्टिंग ब्लॉकमधून (सुरुवातीला पाय रेटण्याच्या ठोकळ्यांमधून) सुटून पहिल्या तीस-चाळीस मीटरमध्ये वेग घेणे ही तिची कच्ची बाजू होती आणि ती पक्की करायला सरळ, सपाट पट्टी पुरते. पूर्ण जोराने धावल्यावर दर दहा मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती, असा प्रशिक्षकांचा ठोकताळा आहे. म्हणजे साठ मीटरच्या सहा धावा घ्यायच्या तर त्यांच्यामधल्या विश्रांतीलाच तीस मिनिटे जातात. अंग मोकळे करण्याचा वेळ धरला की मिळालेला तास संपतो. मर्यादित वेळेत चोख बसणारा याहून दुसरा सराव आम्हाला सुचला नाही.

अडचण आहे ती मोजण्याची. जुलै २०२० मध्ये झ्युरिकच्या आयोजकांनी धावपटूंना निरनिराळ्या ठिकाणांहून एकाच वेळी धावायला लावून स्पर्धा घेतली, तेव्हा अमेरिकन धावपटू नोहा लाइल्सने २०० मीटर १८.९० सेकंदांत पार केल्याचे पडद्यावर झळकले; मागाहून कळले की चुकीच्या रेषेवरून सुटल्यामुळे तो १८५ मीटरच धावला होता. एवढ्या मोठ्या स्पर्धेत असे होते, तर एक मोजपट्टी आणि एका स्टॉपवॉचवर चाललेल्या आमच्या सरावाचे काय सांगावे! हाताने घेतलेली १०० मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून पाहताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याची पद्धत आहे आणि आमच्या धावपटूची आतापर्यंतची सुधारणा याहून फारशी मोठी नाही. ती खरोखर वेगवान झाली की आमचा अंगठा उशिरा दाबला गेला, हे छातीठोकपणे सांगता येत नसल्यामुळे तिच्या वेळा आम्ही येथे छापलेल्या नाहीत.

म्हणून प्रकाशकिरण तुटताच वेळ नोंदवणारे यंत्र हवे आहे. ते हंगामापुरते उसने मिळाले तरी चालेल. मंडळाचे स्टार्टिंग ब्लॉक बंद क्रीडासंकुलात अडकले आहेत, त्यामुळे एक नवा किंवा वापरलेला जोड लागेल. वर्षभरात तिचा पाय वाढला आणि जुने स्पाइक्स (तळाला खिळे असलेले धावण्याचे बूट) आखूड झाले. मातीवर लांब खिळे लागतात, तर सिंथेटिक ट्रॅकवर ९ मिलिमीटरहून लांब चालत नाहीत. तेव्हा खिळे बदलता येणारे बूट घ्यावे लागतील. ज्यांच्याकडे ऐंशी मीटरची सपाट मोकळी जागा आणि तिच्यापुढे थांबण्यासाठी आणखी वीस-पंचवीस मीटर असतील, त्यांनी आठवड्यातून दोन सकाळी ती वापरू दिल्यास ती मदत पैशांपेक्षा मोठी ठरेल.

सर्वांत जास्त काळजी दुखापतीची आहे. बराच काळ पूर्ण वेगाने न धावलेला खेळाडू एकदम जोर लावू लागला की मांडीमागचा हॅमस्ट्रिंग स्नायू दुखावण्याचा धोका वाढतो. महिन्यातून दोनदा, व्हिडिओ कॉलवरून का होईना, तिच्या हालचाली तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टची आम्हाला गरज आहे.

रोख देणगीची पावती दिली जाईल. बूट तिचे राहतील. बाकी साहित्य मंडळाचे राहील आणि निर्बंध उठताच इतर मुलांच्या सरावाला वापरले जाईल. ती अल्पवयीन असल्यामुळे तिचे नाव व छायाचित्र मुद्दाम दिलेले नाही. सराव पाहण्याची इच्छा काहींनी बोलून दाखवली आहे, परंतु सध्या प्रेक्षकांना परवानगी नाही; देणगीदारांना पालकांच्या संमतीने सरावाचे चित्रीकरण पाठवू. साहित्य आणून देणाऱ्यांनी कृपया आधी दूरध्वनी करून, मास्क लावून कार्यालयात यावे.

आपले नम्र,
कार्यकारिणी, क्रीडा मंडळ