कारेकरबुवांच्या घरगुती कॅसेटी पावसाआधी संगणकावर उतरवून घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पं. प्रभाकर कारेकर १२ फेब्रुवारी २०२५ रोजी गेले. सुरेश हळदणकर, जितेंद्र अभिषेकी आणि सी. आर. व्यास अशा तिघांकडे शिकून स्वतःची वाट धरलेला हा गोव्याचा गळा. त्यांची गाजलेली नाट्यपदे यूट्यूबवर आहेत, ती कुठे जात नाहीत. जाणार आहे ते देवळांच्या उत्सवांत, सप्ताहाच्या बैठकांत आणि घरगुती मैफलींत रसिकांनी टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवून भरलेले गाणे. तबकडीवर साडेतीन मिनिटांत आवरते घेतलेले पद बैठकीत कसे फुलते, ते या कॅसेटींतच सापडते. आणि त्या गोव्याच्या दमट कपाटांत पडून आहेत.

कॅसेट उजेडात धरून तिच्या खिडकीतून पाहा. गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड दिसली तर लावून बघण्याचा मोह आवरा. ती बुरशी असते; टेपरेकॉर्डरच्या हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) आणि फीत ओढणाऱ्या रबरी चाकावर बसते नि पुढच्या चांगल्या कॅसेटींनाही लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठवडाभर ठेवा. मग कवचाचे पाच स्क्रू काढून, मास्क लावून, अंगणात मऊ ब्रशने कडा झटका. ऊन दाखवू नका, हेअर ड्रायर तर नकोच; फीत वाकते. ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत ६० वालीपेक्षा पातळ असते. ती आधी एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्यावी, मगच वाजवावी. दर कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे.

आवाज दबका आला म्हणून फीत गेली असे समजू नका. हेडसमोर पितळी पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा चिकटवलेला असतो. गोंद सुकला की तो गळून पडतो आणि फीत हेडला नीट टेकत नाही. फीत दुसऱ्या धडक्या कवचात घातली की काम झाले. तुकडा जागेवर असेल तर हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवत राहा आणि तबल्याची चाट स्वच्छ वाजेल तिथे थांबा. मूळ टेपरेकॉर्डर प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे हा मेळ दर कॅसेटला नव्याने घालावा लागतो.

हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकमध्ये वायर खुपसणे ही नेहमीची चूक. माइकचे इनपुट नाजूक सिग्नलसाठी असते. तारसप्तकातली तान तिथे फाटते आणि फाटलेली तान पुढे कोणालाच दुरुस्त करता येत नाही. डेकच्या (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या) लाइन आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या छोट्या पेटीच्या, लाइन इनमध्ये न्यावे. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर वेव्ह फाइलमध्ये (आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये) करावे. तासाला साधारण १ जीबी जागा लागते. सर्वांत चढा आवाजही उणे ६ डेसिबलच्या खालीच राहू द्यावा.

वेगाकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. डेकचा पट्टा सैल पडून वेग सहा टक्क्यांनी घटला की पेटीवरची काळी एक ही पट्टी पांढरी एकवर येते, आणि ऐकणारा म्हणतो, बुवांनी पट्टी उतरवली! कानावर विसंबू नये, साथीची पेटीही सोबतच उतरलेली असते. मूळ मुद्रणात शिरलेली विजेची घरघर संगणकावरच्या कंपनसंख्येच्या आलेखात ५० हर्ट्झवर दिसायला हवी. ४७ वर दिसली तर फीत मंद चालली आहे.

मूळ फाइलवर ‘नॉइज रिडक्शन’ कधीच चालवू नये. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट अशी त्या प्रोग्रॅमची समजूत, त्यामुळे तो आधी तंबोरेच खातो. निवेदन, दाद, मधले सूर जुळवणे यांनाही कात्री नको; स्थळ, उत्सव आणि साथीदारांची नावे बहुधा तिथेच ऐकू येतात. वेष्टनावरच्या मजकुराचा फोटो फाइलसोबत ठेवावा. कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क कायद्याने ५० वर्षे टिकतो, म्हणून यूट्यूबवर चढवण्याआधी वारसांची संमती घ्यावी.

कला अकादमी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय यांनी मेअखेरपर्यंत तालुक्याच्या ठिकाणी नीट जुळवलेला डेक आणि एक जाणकार तंत्रज्ञ बसवावा, ही विनंती. दिलेली कॅसेट परत येत नाही या धास्तीने लोक ती घराबाहेर काढत नाहीत. तेव्हा मालकासमोरच उतरवून मूळ कॅसेट लगेच त्याच्या हाती द्यावी. एक प्रत त्याच्या पेनड्राइव्हवर, एक संस्थेकडे. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटे लागणारच, म्हणजे एका डेकवर दिवसाला चार-पाचच होतील. वेळ आधी नेमून द्यावी लागेल.

– एक रसिक, फोंडा