टब पालथा करण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात डेंग्यूबद्दलच्या सूचनांची चौकट येते. यंदाही आली. कूलर रिकामा करा, जुने टायर हलवा, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळं बरोबर. पण त्यातच एक ओळ होती, ‘घरात व गच्चीत पाण्यातली झाडे ठेवू नयेत’. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ती तशीच्या तशी नोटीस बोर्डावर उतरवली आणि तिच्यापायी माझा पांढऱ्या कुमुदाचा (वॉटर लिलीचा) टब गेला. म्हणून हे पत्र.

आधी माझी ओळख सांगतो. मी आरोग्य सेवक म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं हिवतापाच्या कामात गेली. रक्तनमुने घ्यायचे, कंटेनर सर्व्हे, म्हणजे घरोघरची पाण्याची भांडी तपासायची, रांजणात बॅटरी मारून डासांच्या अळ्या बघायच्या, सापडल्या की पाणी ओतून द्यायचं नाहीतर अबेटिंग, म्हणजे पाण्यात अळीनाशक टाकायचं. म्हणजे ज्या पोरानं माझा टब पालथा केला, त्याच्या जागी मी शेकडो वेळा उभा राहिलोय. त्याच्यावर राग नाही. (आला होता, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी उतरला.)

माझा टब म्हणजे दोन फूट तोंडाचा काळा प्लास्टिकचा. त्यात मातीनं भरलेलं घमेलं, घमेल्यात कुमुदाचा कंद. कुंडीत घालतो ते शेणखत-कोकोपीट इथे चालत नाही. ते वर तरंगतं आणि पाणी नासतं. शेतातली चिकट काळी माती घ्यायची, कोंब उघडा ठेवून कंद बसवायचा आणि वर दोन बोटं वाळू पसरायची, म्हणजे टबात सोडलेले गप्पी मासे (डासांच्या अळ्या खाणारे छोटे मासे) माती उकरत नाहीत. पाणी सुरुवातीला कोंबावर चार बोटंच. पानांचे देठ लांबतील तसं वाढवत वीत-दीड वीत न्यायचं. खत महिन्यातून एकदा, चिमूटभर डीएपी, तेही कागदाच्या पुडीत बांधून बोटानं मातीत खोल खुपसायचं. सुटं टाकलंत तर चार दिवसांत पाणी हिरवंगार. आणि पाच-सहा तास ऊन हवंच. गॅलरीच्या सावलीत पानं येतात, फूल नाही.

कमळाशी याची गल्लत करू नये. कमळाचं पान गोल, अखंड, पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं राहतं. कुमुदाचं पान पाण्यावर पसरतं आणि देठापर्यंत चिरलेलं असतं. माझ्याकडच्या जातीला पानाच्या काठावर करवतीचे दाते आहेत, खालून तांबूस रंग आणि बारीक लव. फूल दिवेलागणीनंतर उमलतं, सकाळी नऊ-दहाला मिटतं. असं तीन-चार रात्री, मग देठासकट पाण्याखाली जातं. साताऱ्यात आणखी एक घोटाळा होतो. कासच्या कुमुदिनी तलावातली झालरीच्या पाकळ्यांची इवली पांढरी फुलं बघून लोक म्हणतात, आम्हालाही तेच लावायचंय. ती कुमुदिनी वेगळ्या कुळातली. आणि कास 2012 पासून जागतिक वारशात आहे, तिथलं एक पानही उचलू नये.

आता टबाचं. दहा दिवस मुलीकडे पुण्याला गेलो होतो. परत आलो तर टब कठड्याला टेकून आडवा, घमेलं पालथं, पानं फरशीला पापडासारखी चिकटलेली. आठ गप्पी मासे होते, ते पन्हाळीतून गेले असावेत. आडव्या पडलेल्या टबाच्या पोटात पावसाचं दोनेक तांबे पाणी साचलं होतं. सवयीनं बॅटरी मारली. उजेड पडताच अळ्या वळवळत तळाला पळाल्या. एडिसच्या, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या अळ्या, मी त्या झोपेतही ओळखीन. मासे होते तोवर त्या टबात मला एक अळी दिसली नव्हती. डास हटवायला म्हणून टब आडवा केला आणि डासांची सोय झाली.

एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या काठाला. ती कोरडी पडून महिनोन्‌महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून भांडं नुसतं ओतून भागत नाही, काथ्यानं आतून घासावं लागतं. हे घरोघर सांगताना माझा घसा बसायचा. लोक पिंप ओततात, घासत नाहीत. फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, तुळशीच्या कुंडीखालची ताटली, हे तर कोणाच्या ध्यानातही नसतं. माझा टब जाताना आमच्याच जिन्यातल्या तीन मनी प्लांटच्या बाटल्या जागच्या जागी होत्या.

एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती मला सोडत नाही. जावळी भागातल्या एका गावात एका आजीनं दारातल्या पितळी घंगाळात कुमुद लावलं होतं. पाण्यात अळ्या होत्या, मी घंगाळ ओतलं. कायद्यानं चूक नव्हती. आजी काही बोलली नाही, खाली बसून एकेक पान उचलून पदरात घेऊ लागली. आमच्या ऑफिसच्या हौदात तेव्हा गप्पी मासे शेकड्यानं होते. पिशवीत चार घालून न्यायला मला काय झालं होतं?

उलट बाजूही लिहितो. मासे नसतील तर टब ठेवू नका, पालथाच घाला, मी स्वतः येऊन घालीन. पानं दाट होऊन पाणीच दिसेनासं झालं तर जुनी पिवळी पानं देठाच्या बुडापासून काढा, निम्मं पाणी उघडं राहू द्या. पानांवर मावा (बारीक कीड) पडला तर औषध फवारू नका, मासे मरतील. पान पाण्यात दाबून धरा, सुटलेला मावा मासे खातात. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवा. पाण्यावर रॉकेल किंवा जळकं ऑइल तर मुळीच नको. या पानांची श्वासाची छिद्रं वरच्या बाजूला असतात, त्यांवर तेलाचा थर बसला की पान गुदमरतं. आणि गप्पी फार झाले म्हणून ओढ्यात-तळ्यात सोडू नका. तो बाहेरचा मासा आहे, आपल्या माशांची पिल्लं खातो.

आपल्याकडे मागणं एवढंच की पुढच्या चौकटीत ती ओळ ‘पाण्यातल्या झाडांच्या टबात गप्पी मासे सोडावेत’ अशी करावी. गप्पी हिवताप विभागाकडे मागितले तर मिळतात. आणि टब पालथा करण्याआधी कर्मचाऱ्यांनी बॅटरी मारून बघावं.

कंद वाचला. हा रानटी कुमुद उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलातही तग धरतो, दहा दिवसांनी काय होणार? चिखलात चाचपून सुपारीएवढे पाच कंद निघाले. बोटांनी दाबल्यावर त्यातले दोन पचपचीत लागले, ते टाकले. तीन टणक होते, ते नव्या मातीत बसवले. बाराव्या दिवशी तांबडं, गुंडाळलेलं पान वर आलं. बोर्डावरच्या नोटिशीखाली मी पेनानं ‘मासे असल्यास हरकत नाही’ असं लिहून आलो होतो. परवा ते कोणीतरी खोडलंय. शाई सेक्रेटरींच्या पेनाची वाटते.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक, सातारा