तळ्यावरचं प्रत्येक पाखरू बदक नसतं

मा. संपादक,
थंडी पडली की सिरपूर तलावावर आपल्या इंदूरकरांची गर्दी होते, २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले तेव्हापासून तर फोटोंचा पूरच आलाय, पण पाण्यावर काहीही तरंगताना दिसलं की सरसकट "बदक" म्हणायचं हे मला खरंच खटकतं. काळी, कपाळावर पांढरा टिळा असलेली चांदवा बदक नाहीच, ती पाणकोंबड्यांच्या घराण्यातली, म्हणजे सारस क्रौंचांच्या गणातली. इवलीशी टिबुकली तर डीएनएनुसार रोहित पक्ष्याची जवळची नातेवाईक! दोघींची बोटं बघा, बदकासारखा सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाला वेगळी झालर असते.

खऱ्या बदकांचं कुळ ॲनाटिडी, हंस आणि कलहंसही त्यातलेच. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये यातल्या बहुतेकांना ॲनास या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) टाकलं होतं, नंतर वाटण्या होत गेल्या आणि अजून चालूच आहेत, थापट्या बदक आता आतापर्यंत ॲनास होतं, डीएनए तपासल्यावर ते स्पॅच्युला या वेगळ्या प्रजातीत गेलं, हळदी-कुंकू मात्र ॲनासमध्येच राहिलं. चक्रवाकाची प्रजाती टॅडोर्ना, आणि शीळ घालणारी अडई तर वेगळ्याच उपकुळातली.

मुलांना हे सगळं फार आवडतं हो, सांगणारं कोणी हवं. तलावांवर मराठी-हिंदीत नाव आणि कुळ लिहिलेले सचित्र बोर्ड लावावेत, आणि तुम्हीही पक्ष्यांच्या फोटोखाली नेमकं नाव छापावं ही विनंती.

— एक पक्षीप्रेमी वाचक, इंदूर