बॅनरवर न आलेल्या एका कामाबद्दल, मॅडमना

आदरणीय मॅडम,

नमस्कार.

तुमच्या निरोपाच्या दिवशी मला बोलायला उभं केलं आणि मी नुसतं "मॅडमनी लई केलं" म्हणून खाली बसले. काय केलं ते राहूनच गेलं. बदलीच्या यादीत तुमचा तालुका लांबचा आला, त्यामुळे भेट कधी होईल सांगता येत नाही. म्हणून लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. कारण तुम्ही जे केलं ते शाळेच्या फाटकावरच्या बॅनरवर येणाऱ्यातलं नव्हतं. उलट त्यामुळे बॅनरवरचा एक फोटो कमी झाला असेल.

आमच्या औसा तालुक्यात पाचवीचं लेकरू घरात असलं की आल्यागेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "नवोदयला बसवलंय का?" म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला. पूर्वी लातूर म्हटलं की अकरावी-बारावी, मग खोली करून राहणं, डबा लावणं. ते सगळं आता पाचवीपर्यंत खाली उतरलंय. आम्हीही त्यातलेच. यांनी खरिपाच्या बियाण्याला ठेवलेल्या पैशातून अठरा हजार काढून औशाच्या क्लासला भरले. मी अडवलं नाही. मला दहावीनंतर शिकता आलं नव्हतं. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं फुकट, नववीपासून महिन्याला विकास निधी लागतो तोही मुलींना माफ. अशी शाळा लेकीला मिळत असेल तर कोणती आई नको म्हणेल?

शाळा सुटली की लेक काळीपिवळीतून क्लासला जायची, रात्री साडेआठला घरी. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस निवासी वर्ग. रोज एक सराव पेपर, रोज संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर यादी. शेवटच्या दहा जणांची नावं लाल रंगात. मी शिलाई मशीनवर बसूनच यादी उघडायची, बोटानं खाली सरकवत नाव शोधायची आणि मग फोन लावायची. जेवलीस का, हे विचारायचेही मी, पण नंबर विचारून झाल्यावर.

दिवाळीनंतर एका दुपारी तुम्ही दारात आलात. हातात ब्लाउजपीस होता, मोतिया रंगाचा. मला वाटलं शिवायला आलात. तुम्ही बाजेवर बसलात, चहा घेतलात, आणि मग पर्समधून लेकीची रफ वही काढलीत. गणितं तपासताना शेवटचं पान दिसलं म्हणालात. त्या पानावर तिनं आपले नंबर एकाखाली एक लिहिले होते. 14, 9, 17, 22, 31. बावीसपुढे बारीक अक्षरात, "आज आईचा फोन नाही आला तर बरं होईल." एकतीसपुढे काहीच नव्हतं. पेनानं गोल काळा करून करून कागदाला भोक पडलं होतं, उत्तरपत्रिकेत करतात तसला गोल.

मॅडम, तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत त्याबद्दल पहिले आभार. माझं वाचून होईपर्यंत तुम्ही मशीनवरचं कापड बघत बसलात.

मग हे रानातून आले. तुम्ही म्हणालात, क्लास बंद करा. यांचा चेहराच उतरला. पैसे परत मिळणार नव्हते, पण त्याहून मोठी भीती तुम्हाला ठाऊकच होती. ही परीक्षा पाचवीत असतानाच, तीही एकदाच. यंदा गेली ती गेली. कुंभमेळा निदान बारा वर्षांनी परत येतो! तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत की रिकाम्या जागांसाठी आठवीत असताना नववीच्या प्रवेशाची वेगळी परीक्षा असते. क्लासवाल्यांनी हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. का सांगितलं नसेल, ते आता कळतं.

तुम्ही नवोदयला नावं ठेवली नाहीत, हे मला अजून आठवतं. शाळा चांगलीच आहे म्हणालात. देशातल्या पहिल्या दोन नवोदयपैकी एक आपल्या अमरावतीत निघालं, 1985-86 ला, हेही तुमच्याच तोंडून ऐकलं. पण त्याबरोबर हेही सांगितलंत की एका शाळेत सहावीला फार तर 80 लेकरं घेतात आणि बसणारी जिल्ह्याभरातून हजारोंनी असतात. आणि नववीत काही मुलांना वर्षभर हिंदी पट्ट्यातल्या नवोदयला पाठवतात. हे ऐकून यांनी माझ्याकडे बघितलं. लेकीला लातूरच्या नवोदयच्या वसतिगृहात ठेवायचं म्हणूनच मी चार रात्री झोपले नव्हते. अठरा हजार भरताना आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं.

शेवटी तुम्ही लेकीला हाक मारलीत. "तुला काय करायचंय गं?" आमच्या घरात तिला हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. ती बराच वेळ दाराची कडी वरखाली करत राहिली. मग म्हणाली, "परीक्षा देते. राहायला जायचं का नाही ते नंतर सांगते."

त्यानंतर शाळा सुटल्यावर रोज एक तास, फी नाही आणि नंबरही नाही. मी एकदा तिला घ्यायला आले तेव्हा तुम्ही कागदाची चौपदरी घडी घालून कोपऱ्याला कातर लावत होता. बुद्धिमत्तेच्या 40 प्रश्नांत चार प्रश्न याच जातीचे असतात, घडी उलगडल्यावर भोकं कुठं दिसतील ते ओळखायचं. तुम्ही घडी उलगडायच्या आत पोरगी उत्तर देत होती. "हिला हे शिकवावं लागलं नाही," तुम्ही मला म्हणालात, "ही तुमच्या मशीनखाली वाढली. चौपदरी कापड कापलेलं रोज बघते." वीस वर्षं कातर चालवते मी. माझ्या कातरीचा अभ्यासाशी संबंध आहे असं मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

परीक्षेच्या दिवशी काय विचारायचं नाही, ते तुम्ही आधीच बजावलं होतं. केंद्राच्या फाटकाबाहेर मी दोन तास तेच घोकत होते. लेक बाहेर आली आणि माझ्या तोंडून निघालंच, "पेपर कसा गेला?" यांनी कपाळाला हात लावला. लेक म्हणाली, "आधी वडापाव." एवढी जीभ मी पूर्वी कधी चावली नव्हती.

नंबर लागला नाही. यादी लागली त्या दिवशी तुम्हीच फोन केलात, आणि माझ्याशी न बोलता तिच्याशी बोललात. काय बोललात ते ती अजून सांगत नाही.

खोटं कशाला लिहू, यांना अजूनही कधी कधी वाटतं की थोडं ताणलं असतं तर निघाली असती. मलाही वाटतं, बॅनरजवळून जाताना तर हमखास. पण तुमचं काय गेलं हे आता मला कळतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पट टिकवायचा तर फाटकावर नवोदयचे फोटो लागतात, नाहीतर लोक इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत लेकरं बसवतात. वर्गातली हुशार पोर क्लासमधून काढायला तुम्ही स्वतः आमच्या दारात आलात. शाळेत तुम्हाला कुणी काय बोललं असेल याचा मी अंदाज करू शकते. तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

लेक आता शेजारच्या गावच्या हायस्कुलात सहावीला जाते. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, गाडी मात्र वेळेवर येईलच असं नाही. खो-खोत घेतलंय तिला. घरी आल्यावर ती आपणहून बडबडते, मार्कांचं सोडून सगळं. आठवीची परीक्षा द्यायची का, हे तेव्हा तिलाच विचारू असं आम्ही ठरवलंय. यांनी मान डोलावली, पण पूर्ण नाही.

आणि तो मोतिया ब्लाउजपीस. तो निव्वळ बहाणा होता हे मला तुम्ही गेल्यावर कळलं, कारण मापाचं ब्लाउज तुम्ही दिलंच नव्हतं. अंदाजानं शिवलाय. बाहीला थोडी माया जास्त ठेवली आहे, घट्ट झाला तर उसवून वाढवता येईल. तुमच्या तालुक्याकडे जाणारं कुणी भेटलं की पाठवते. शिलाई विचारू नका.

तुमची,
पाचवीतल्या त्या मुलीची आई