मत नसलेल्याची निवड

निशिकासाई, टोकियो
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

"जपानच्या सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या त्या पाच जणांत तू कोणाला निवडले असतेस?" हा तुझा प्रश्न मी आठवडाभर टाळला. वीस वर्षे इथे राहून आणि कर भरूनही मला मत नाही, आणि मत नसलेल्याने उमेदवार पारखणे म्हणजे शेजाऱ्याच्या मुलीसाठी स्थळे बघण्यासारखे आहे. मत हवे तर नागरिकत्व घ्यावे लागते. आपले योगेंद्र पुराणिक यांनी ते घेतले आणि २०१९ मध्ये ते याच एदोगावा विभागाच्या सभागृहावर निवडून गेले. माझ्याने अजून भारतीय पासपोर्ट सोडवत नाही.

तशी ४ तारखेची निवडणूक देशाची नव्हतीच. पंतप्रधान शिगेरू इशिबांच्या जागी सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला नवा अध्यक्ष निवडायचा होता. पहिल्या फेरीत २९५ मते खासदारांची आणि तेवढाच वाटा देशभरच्या पक्षसदस्यांचा. आमच्या गल्लीतले तांदळाचे दुकानदार आजोबा वर्षाला ४,००० येन भरून सदस्य राहिले आहेत, त्यामुळे प्रचाराच्या दिवसांत माझी बैठक त्यांच्या दुकानातच असे.

शिंजिरो कोइझुमी यांचे पारडे मी सुरुवातीला जड धरले होते. आपण कधी तांदूळ विकत घेतलाच नाही, असे बोलून बसलेल्या मंत्र्याला मे महिन्यात जावे लागले आणि कोइझुमी कृषिमंत्री झाले. पाच किलोंची पिशवी चार हजार येनांच्या वर गेली असताना त्यांनी सरकारी साठ्यातला जुना तांदूळ दोन हजारांच्या आसपास मिळेल अशी व्यवस्था केली. मीही रांगेत उभा राहून एक पिशवी आणली. आपल्या आंबेमोहोराची सर नाही, पण मेतकूट-भाताला चालला. आजोबांना मात्र हे रुचले नाही, कारण तो तांदूळ आधी मोठ्या विक्रेत्यांना मिळाला आणि छोट्या दुकानांची पाळी नंतर आली. गिऱ्हाइकाला जे स्वस्त वाटते ते दुकानदाराला महाग पडू शकते, हे मला त्या काउंटरपाशी उभे राहून कळले.

साने ताकाइचीबाईंची ही तिसरी खेप; गेल्या वर्षी पहिल्या फेरीत पुढे असूनही त्या इशिबांकडून हरल्या होत्या. त्यांची तयारी आणि जिद्द मी नाकारत नाही, आणि एका बाईने हा पक्ष जिंकावा याचे अप्रूपही आहे. परंतु प्रचाराच्या पहिल्याच भाषणात, आपल्या नारा गावातल्या हरणांना परदेशी पर्यटक लाथा मारतात, असे त्या म्हणाल्या, आणि पुरावा काय, असा प्रश्न लगेच उभा राहिला. मी नाराला जाऊन त्या हरणांना खाऊ घातला आहे. भाषण ऐकताना आपल्यावरच आळ आल्यासारखे वाटले. जुलैच्या निवडणुकीत 'आधी जपानी माणूस' म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाने १४ जागा घेतल्यापासून पाचही उमेदवार परदेशी रहिवाशांविषयी कडक बोलू लागले होते, पण सूर सर्वांचा सारखा नव्हता.

उरलेल्यांपैकी मोतेगी आणि कोबायाशी या उमेदवारांविषयी सांगण्यासारखे माझ्याकडे फारसे नाही. मी निवडले असते योशिमासा हायाशी यांना. परराष्ट्र, संरक्षण, शेती, शिक्षण अशी खाती सांभाळलेला हा गृहस्थ इशिबा सरकारचा मुख्य सचिव, म्हणजे प्रवक्ता, या नात्याने दिवसातून दोनदा पत्रकारांसमोर उभा राहतो आणि आवाज चढवत नाही. आजोबा म्हणाले, "चांगला माणूस आहे, पण त्याचे भाषण ऐकून कोणी दुकान बंद करून मत द्यायला जाणार नाही." त्यांनी स्वतः ताकाइचीबाईंना मत दिले. सदस्यांच्या वाट्यातली ११९ मते बाईंना, ८४ कोइझुमींना आणि ६२ हायाशींना मिळाली. बाई आणि कोइझुमी यांच्यातल्या अंतिम फेरीत खासदारांची मते १४९ विरुद्ध १४५ अशी अटीतटीची झाली, पण ४७ प्रांतांपैकी ३६ बाईंच्या बाजूने गेले आणि त्या जिंकल्या. खासदारांनी हा कल आधीच वाचला असावा, असे माझे मत आहे.

आणि एवढे होऊनही त्या पंतप्रधान होतीलच असे नाही. परवा सत्तेतला सोबती असलेल्या कोमेइतो पक्षाने २६ वर्षांची सोबत सोडली. राजकीय देणग्यांच्या नियमांवरून दोघांचे जमले नाही. दोन्ही सभागृहांत बहुमत नसलेल्या पक्षाला आता नवा जोडीदार शोधावा लागेल. काल दुकानात गेलो तेव्हा आजोबा नव्या पिकाच्या पोत्यावर किमतीची चिठ्ठी लावत होते. मी विचारले, "आता तुमच्या बाईंचे काय?" त्यांनी चिठ्ठी सरळ केली आणि म्हणाले, "आधी हा तांदूळ या भावाला कोण घेतो ते बघू."

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास